ब्राउझरमध्ये तर उघडतंय!

रात्रपाळीच्या टीमने साइट नव्या सर्व्हरवर हलवली, डीएनएस (साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारी नोंद) फिरवलं, नवं सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) बसवलं आणि 'काम झालं' असा निरोप टाकून मंडळी झोपायला गेली. सकाळी मी शिफ्टला बसले तोवर दोन तिकिटं येऊन पडली होती. पहिलं ॲपवाल्यांचं : अँड्रॉइड ॲपमधून लॉगिनच होत नाही. दुसरं अकाउंट्सचं : ग्राहकांचे पैसे कापले जातायत, ऑर्डर मात्र 'पेंडिंग'.

साइट उघडून बघितली. क्रोममध्ये ठीक, फायरफॉक्समध्ये ठीक, कुठे इशारा नाही. मग कॉलवर व्हायचं तेच झालं. आमची मंडळी म्हणाली, "ब्राउझरमध्ये तर उघडतंय, म्हणजे घोळ ॲपमध्येच आहे." ॲपवाले म्हणाले, "आम्ही एका ओळीलाही हात लावलेला नाही, सर्व्हर तुम्ही बदललात." दोन्ही बाजू खरंच बोलत होत्या, म्हणून तर वाद मिटेना.

मला पैशांचं तिकीट जास्त बोलकं वाटलं. पेमेंट झालं की गेटवेचा, म्हणजे पैसे वळते करून घेणाऱ्या कंपनीचा, सर्व्हर आमच्या सर्व्हरला परस्पर कळवतो, अमुक ऑर्डरचे पैसे आले म्हणून. ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदवहीत, रात्रीपासून अशी एकही नोंद नव्हती. म्हणजे विनंती आमच्यापर्यंत यायच्या आधी, टीएलएसच्या हँडशेकमध्येच (सुरक्षित कनेक्शन जोडतानाच्या ओळख-तपासणीतच) समोरचा पाठ फिरवत होता. अँड्रॉइड ॲप आणि गेटवे या दोघांत समान काय? दोघंही ब्राउझर नाहीत.

तेवढ्यात ॲप डेव्हलपरने तोडगा काढला. "मॅडम, टेस्ट बिल्डमध्ये मी सर्टिफिकेटची तपासणी बंद करून बघितली. लॉगिन होतंय. तुमचं होईपर्यंत हेच रिलीज करू का?"

"अजिबात नको," मी म्हणाले, "थोडा वेळ दे."

हा तोडगा दिसतो तेवढा साधा नसतो. तपासणी बंद केली तरी डेटा एन्क्रिप्ट होतोच, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण एन्क्रिप्ट होऊन तो जातो कुणाकडे? वाटेत बसलेल्या कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे केलं, तर ॲप त्यालाही पासवर्ड देऊन मोकळं होणार. आणि असली 'तात्पुरती' ओळ कोडमध्ये किती वर्षं ठाण मांडून बसते, ते मी पाहिलंय.

मग ब्राउझर बाजूला ठेवून सर्व्हरलाच विचारलं. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट तपासायच्या साधनाच्या 'एस-क्लायंट' कमांडला होस्ट, पोर्ट ४४३ आणि 'शोसर्ट्स' हा पर्याय दिला. उत्तरात 'सर्टिफिकेट चेन' या मथळ्याखाली एकच नोंद : शून्य क्रमांकाची, आमच्या डोमेनची. शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड २१'. पहिल्याच सर्टिफिकेटची खातरजमा होत नाही, असा त्याचा अर्थ.

सर्टिफिकेट देणारी संस्था आपल्या रूटच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटच्या, चावीने तुमच्या-आमच्या सर्टिफिकेटवर थेट सही करत नाही. ती चावी ऑफलाइन, कडेकोट बंदोबस्तात असते. रूट सही करतं इंटरमीडिएट नावाच्या मधल्या सर्टिफिकेटवर आणि इंटरमीडिएट आपल्यावर. फोनमध्ये रूटची यादी असते, मधला दुवा मात्र आपल्या सर्व्हरने हँडशेकमध्येच द्यायचा असतो. आमचा सर्व्हर तो देत नव्हता.

मग ब्राउझरचं कसं भागलं? सर्टिफिकेटमध्येच त्याच्या वरच्या सर्टिफिकेटचा पत्ता लिहिलेला असतो, क्रोम तिथे जाऊन ते गुपचूप उतरवून घेतो. फायरफॉक्स तसं करत नाही, पण २०२० मध्ये आलेल्या ७५व्या आवृत्तीपासून तो जाहीर झालेली इंटरमीडिएट्स आधीच गोळा करून ठेवतो. अँड्रॉइड ॲप किंवा लिनक्सवरची 'कर्ल' ही साधी कमांड असले लाड करत नाही. वापरणाऱ्यांची सोय होते हे खरं, पण सर्व्हर लावणाऱ्यांसाठी ब्राउझरचा हा चांगुलपणा घातकच. अर्धवट काम पुरं झाल्यासारखं दिसतं.

उपाय सोपा होता. सर्टिफिकेटबरोबर आलेल्या झिपमध्ये दोन फाइली होत्या : आमचं सर्टिफिकेट आणि 'सीए बंडल', म्हणजे इंटरमीडिएट असलेली फाइल. एनजिनएक्सला, म्हणजे आमच्या वेब सर्व्हरच्या प्रोग्रामला, दोन्ही एकाच फाइलमध्ये लागतात, आपलं आधी, इंटरमीडिएट नंतर. (उलट जोडलं तर तो चावी जुळत नाही म्हणून कटकट करतो, आणि लोक उगाच चावी शोधत बसतात.) 'कॅट' कमांडने दोन्ही जोडल्या, 'एनजिनएक्स -टी'ने तपासलं, तर 'बॅड एंड लाइन'. आता हे काय? फाइल उघडली. पहिल्या फाइलच्या शेवटी नवी ओळच नव्हती, त्यामुळे 'एंड सर्टिफिकेट'च्या पाच रेघांना 'बिगिन सर्टिफिकेट'च्या पाच रेघा चिकटून सलग दहा रेघा झाल्या होत्या. मधोमध कर्सर नेला, एंटर मारलं. पुन्हा तपासलं, सिंटॅक्स ओके. मग रीलोड. रीस्टार्ट नाही, कारण रीलोडमध्ये चालू कनेक्शन तुटत नाहीत.

'एस-क्लायंट' पुन्हा चालवलं : चेनमध्ये दोन नोंदी, कोड शून्य. ॲपमधून लॉगिन झालं. गेटवे न पोचलेले निरोप थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवतो, ते एकेक करून लॉगमध्ये उमटायला लागले. अकाउंट्सवाल्या बाई फोनवरच ऑर्डर नंबर वाचून दाखवत होत्या, हा सुटला, हा सुटला.

रात्रपाळीच्या चेकलिस्टमध्ये 'ब्राउझरमध्ये उघडून पाहणे' होतं. ते मी राहू दिलं, त्याखाली 'एस-क्लायंट'ची ओळ घातली आणि मॉनिटरिंगलाही तीच तपासणी लावली. ही सर्टिफिकेटं हाताने बसवायचे दिवस तसेही भरलेत. त्यांची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती, ठरलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. तेव्हा दर वेळी झिप उघडून फाइली कोण जोडत बसणार?

ॲपवाल्यांचं तिकीट मात्र मी लगेच बंद केलं नाही. टेस्ट बिल्डमधली ती ओळ काढल्याचा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) दाखव म्हटलं. डेव्हलपर म्हणाला, "काढली मॅडम, विश्वास ठेवा." मी म्हटलं, "लिंक पाठव." पाठवली. बघितली, मग बंद केलं.