छापचित्रांसाठी जपान: आधी डावा समास बघा

जपानी छापचित्रं घ्यायला जाणार असाल तर क्योतोच्या पर्यटकी गल्ल्यांत पाकीट उघडू नका. तिथल्या एका दुकानाचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही, म्हणून हे पहिलं.

मला हवं होतं हिरोशी योशिदाचं वेरूळ. हा गृहस्थ १९३०च्या हिवाळ्यात मुलाला घेऊन हिंदुस्थानात आला, ताज, सांची, उदयपूर, अजिंठा, वेरूळ पालथं घातलं आणि घरी जाऊन त्यांची लाकडी ठोकळ्यांवरून छापचित्रं केली. वेरूळ त्या दुकानात नव्हतं, रात्रीचा ताज होता. ‘मूळ ठोकळ्यांवरून छापलेलं आहे आणि खाली सही आहे,’ मालक म्हणाला. ठोकळ्यांचं खरं होतं, पण योशिदा वारला १९५० साली आणि ही छपाई त्यानंतरची. सही म्हणजे शिक्का. खरी पेन्सिल भिंगाखाली कागदाच्या धाग्यांवर तुटक बसलेली दिसते, तिरप्या उजेडात चकाकते. ही पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत एकसारखी करडी, मेलेली. डाव्या समासात ‘जिझुरी’चा छोटा शिक्का असला तर चित्रकाराने स्वतः छापून घेतलेली प्रत समजतात. इथे तो समासच माउंटखाली, म्हणजे फ्रेमच्या आतल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली दडवलेला! फ्रेम उघडून दाखवा म्हटल्यावर आधी नुसतं हसू, मग आतून दुसरा माणूस आला, मग कुरकुरत उघडली. शिक्का अर्थातच नव्हता. भाव मात्र योशिदाच्या हयातीतल्या प्रतीचा, वर नळीचे वेगळे तीन हजार येन सांगत होते. पुठ्ठ्याच्या नळीचे!

पुढे तोक्योत तसलाच मरणोत्तर ताज जवळजवळ एक तृतीयांश किमतीत दिसला, आणि चिठ्ठीवर मरणोत्तर असं स्वच्छ लिहिलेलं. भिंतीवर लावायला ती प्रत झकास आहे, पण तिच्या भावात घ्या.

खरेदी तोक्योतल्या जिम्बोचोत करा. भुयारी रेल्वेतून वर आलात की जुन्या पुस्तकांची रांगच. छापचित्रं बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, जिने अरुंद, पाठपिशवी घेऊन वळता येत नाही. पिशवी दारात ठेवा, नाहीतर मालकाचा जीव टांगणीला लागतो. रविवारी बरीच दुकानं बंद. खण ओढून सुटी चित्रं स्वतः चाळू देतात, हीच खरी मजा. माझी अख्खी दुपार उभ्याने गेली, पाय ठणकत होते आणि निघावंसं वाटत नव्हतं. चित्र दोन्ही हातांनी उचला आणि आधी पालथं करा. हाताने घासून छापलेल्या कागदाला मागून रंग थोडा उतरलेला असतो, घासणीचे गोल फेरे दिसतात. मागे पुठ्ठा चिकटवलेला असेल तर सोडून द्या. चिकटपट्टीचा पिवळा डाग किंवा माउंटच्या कडेची तपकिरी चौकट दिसली तर भाव पाडून मागा. काचेच्या खिडकीत उन्हात टांगलेलं काहीही घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

निसर्गदृश्यांचा छापचित्रकार कावासे हासुई हवा असेल तर प्रकाशक वातानाबेचा शिक्का वाचायला शिका. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे ठोकळे आणि साठा जळाला, त्यामुळे त्याआधीच्या प्रती आपल्या ऐपतीत बसत नाहीत. नोकरदाराने सहा मिलिमीटरचा गोल लाल शिक्का शोधावा. तो साधारण १९४६ ते १९५७ मधला, म्हणजे हासुई जिवंत असतानाचा. तो गेल्यानंतर छापलेल्या प्रतीही बाजारात भरपूर आहेत, तेव्हा शिक्क्याला पट्टी लावून बघायला लाजू नका.

फुकुशिमातल्या यानाइझू गावचं, छापचित्रकार साइतो कियोशीचं संग्रहालय? चित्रं पहिल्या दर्जाची. लाकडाचा पोतच बर्फाच्या रानात उमटवणारा दुसरा कोणी मला तरी माहीत नाही. पण तोक्योहून एका दिवसात जाऊन यायचं खूळ डोक्यात घेऊ नका. कोरियामा, आइझु-वाकामात्सु आणि मग तादामी लाइन, जिच्यावर गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. एक चुकली की राळ्याच्या मांज्यू, म्हणजे गोड सारणाच्या वाफवलेल्या वड्या खात फलाटावर बसा. मी बसलो. पहिल्या दोन छान लागतात. वाकामात्सुला मुक्काम करा, नाहीतर जाऊच नका.



आणताना चित्र गुंडाळू नका. ओबान, म्हणजे छापचित्रांचा नेहमीचा आकार, सुमारे ३९ बाय २७ सेंटीमीटर, दोन कडक पुठ्ठ्यांत सपाट ठेवला की हातातल्या बॅगेत मावतो. चिकटपट्टी पुठ्ठ्याला लावा, चित्राला कधीच नाही. बिलावर चित्रकार, साल आणि छपाई कधीची ते लिहून घ्या. लिहून द्यायला जो का-कू करेल, त्याच्याकडून घेऊ नका.