गाठीत शिरलेल्या टी-पेशी गप्प का बसतात

पुणे, बुधवार रात्र

स्तनाच्या गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतली की कर्कपेशींच्या पुंजक्यांमधली संयोजी ऊती नीट बघावी. तिथे गडद निळे, गोल लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पेशी; टी-पेशी त्यांतल्याच) किती जागा व्यापतात ते टक्क्यांत लिहायचं. एखादा दाट ठिपका बघून आकडा ठरवायचा नाही; गाठीच्या हद्दीतली सरासरी घ्यायची, मेलेला भाग वगळायचा.

पण पेशी तिथे आहेत म्हणजे त्या लढताहेत असं नव्हे. टी-पेशीवरच्या पीडी-१ या प्रथिनाला कर्कपेशीवरचं पीडी-एल१ हे प्रथिन चिकटलं की तिचा मारा थंडावतो. आणि हे पीडी-एल१ बऱ्याचदा वाढतं ते टी-पेशीनेच सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनामुळे! हल्ला होतो म्हणून ढाल उभी राहते. या साऱ्यात मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं. शिवाय टी-पेशींना दाबणारं टीजीएफ-बीटा हे प्रथिन आहे, इतर टी-पेशींना आवरणाऱ्या नियामक टी-पेशी आहेत, गाठीने आपल्या बाजूला वळवलेले मॅक्रोफेज (भक्षक पेशी) आहेत. काही कर्कपेशी तर आतल्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशीला दाखवणारे एमएचसी-१ रेणूच कमी करतात. मग टी-पेशीला ओळखायला काही उरत नाही आणि पीडी-१ अडवणारं औषधही तिथे अपुरं पडतं.

पसरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेल्या) स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ अडवणारं औषध द्यायचं की नाही, हे ठरवताना २२सी३ या पीडी-एल१ रंगवणाऱ्या चाचणीचा सीपीएस (दर १०० कर्कपेशींमागे रंगलेल्या कर्कपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची बेरीज) बघतात. जिवंत कर्कपेशी किमान १०० हव्यात. समजा १०० पैकी ४ रंगल्या आणि भोवतीचे ७ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज रंगले, तर सीपीएस ११. १० किंवा जास्त असेल तर औषधाचा विचार होतो. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात, शस्त्रक्रियेआधी केमोसोबत हेच औषध देताना मात्र पीडी-एल१ची अट नसते. त्या टप्प्यावर 'पीडी-एल१ निगेटिव्ह' वाचून घरच्यांनी खचू नये, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगायला हवं.

सीपीएसचा आकडा बिघडतो तो बहुधा स्लाइडच्या आधीच. गाठ काढल्यावर तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवी, तीही चिरून, कारण फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास. गणपती जवळ आलेत. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की ७२ तास सहज उलटतात, आणि विसर्जनाला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद असल्यावर पेठेतल्या दवाखान्यातून नमुना हलणार कसा? म्हणून गाठ काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची, दोन्ही वेळा डब्यावर पेनाने लिहून घ्याव्यात.