रातकिड्यांची पिल्लं निघाली!
कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) डबीतून रातकिड्यांची नवी पिढी बाहेर पडली. टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं, पण झाकण उघडताच टुणटुण उड्या! डबी ३० अंशांच्या आसपास उबदार आणि ओलसर राहिली की साधारण दीड ते दोन आठवड्यांत अंडी फुटतात.

माझ्या पाळीव बेडकांना आणि गेकोला (पालीला) हेच किडे खाऊ घालते; या पिल्लांची एवढी वाट पाहिली ती मापासाठी. खाद्यकिडे कुठून ना कुठून मिळतात, पण हव्या त्या वेळी हव्या त्या मापाचे मिळणं फार अवघड. किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, हे मी कटाक्षाने पाळते. झाडबेडकांची माझी पिल्लं नुकतीच शेपटी जिरवून पाण्याबाहेर आली आहेत. विकत मिळतात ते रातकिडे त्यांच्या तोंडात मावत नाहीत, म्हणून आतापर्यंत सगळी मदार उडता न येणाऱ्या फळमाश्यांवर होती. मेलॅनोगास्टर जातीची पिढी दोनेक आठवड्यांत तयार होते, हायडाय जरा मोठी असते पण तिला तीनेक आठवडे लागतात. त्यामुळे दर आठवड्याला माश्यांच्या पैदाशीची नवी बाटली लावावीच लागते, नाहीतर मध्येच खंड पडतो.

माशी स्थिर बसली असेल तर बेडकाचं पिल्लू तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ती दोन पावलं चालली की त्याचं अख्खं अंग तिच्याकडे वळतं, मागच्या पायाचं लांब बोट थरथरायला लागतं, आणि पुढच्या क्षणी माशी गायब. हे कितीही वेळा पाहिलं तरी माझं मन भरत नाही. जिवंत खाद्याला पर्याय का नाही, तेही इथेच कळतं.

मोठ्या रातकिड्यांचं तंत्र अगदी उलट. अंड्यांना ओल लागते, मोठ्यांना मात्र कोरडी, खेळती हवा. झाकणाला बारीक जाळी आणि आत कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेत. पाण्याची उघडी वाटी ठेवत नाही, त्यात ते बुडून मरतात. गाजराच्या चकत्या पुरतात. घरगुती रातकिड्यांत डेन्सोव्हायरस हा विषाणू शिरला तर अख्खी वसाहत जाऊ शकते, म्हणून जोडीला डुबिया जातीची झुरळंही पाळली आहेत. वाढायला महिनोन्‌महिने घेतात, पण गुळगुळीत प्लास्टिकवर चढत नाहीत आणि आवाजही करत नाहीत.

लेपर्ड गेको या पालीसाठीच्या सुपरवर्म नावाच्या मोठ्या अळ्यांची पैदासही मार्गी लागली आहे. गर्दीत ही अळी कोषात जातच नाही. एकेक अळी वेगळ्या छोट्या डबीत ठेवली, आता बऱ्याच जणी इंग्रजी सी अक्षरासारख्या वळून पडल्यात, म्हणजे कोषात जायच्या तयारीत आहेत. त्यांना फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. मीलवर्म या लहान अळ्यांना थंडी चालते, या मरतात.

बागेतले किडे मी देत नाही. कीटकनाशकाची भीती आहेच, शिवाय काही काजवे इतके विषारी असतात की एकाच काजव्याने बिअर्डेड ड्रॅगनसारखा मोठा पाळीव सरडाही दगावू शकतो.

आता रातकिड्यांच्या या पिल्लांना आधी दिवसभर पालेभाजी आणि गाजर भरपूर खाऊ घालणार, कारण रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो. मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून पहिली तुकडी बेडकांपुढे सोडायची. गेकोच्या टाकीत उरलेले मोठे रातकिडे रात्री बाहेर काढायचेच, ते झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात.