फौजेतून जनसंपर्कात येताना

फौज सोडून जनसंपर्कात येणाऱ्यांकडे अनुभव भरपूर असतो, पण तो बायोडेटात दिसत नाही. 'रायफल कंपनी कमांडर' एवढंच लिहिलं तर एजन्सीवाल्याला काय कळणार? 'शंभरावर जवानांची जबाबदारी, पुरात जिल्हा प्रशासनाशी समन्वय' असं लिहा. तैनातीची ठिकाणं, मोहिमांचे तपशील मात्र गाळा; शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो.

निवृत्तीआधीच संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स बघून ठेवा. पण कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा, माझ्या मते, स्वतः लिहिलेली पाच-सहा प्रसिद्धीपत्रकं जास्त उपयोगी पडतात. फौजी अहवालाच्या सवयीने पत्रकातही आधी पार्श्वभूमी येते आणि बातमी तिसऱ्या परिच्छेदात जाते. उपसंपादक तिथवर वाचतच नाही. कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या दोन वाक्यांत आलं पाहिजे. मजकूर ३०० शब्दांच्या आत ठेवा आणि फौजी संक्षेप एकही नको.

सगळ्यात जड जाते ती वरून मंजुरी येईपर्यंत गप्प राहण्याची सवय. कारखान्यात अपघात झाला आणि पत्रकाराचा फोन आला, तर 'माहिती घेतोय, पाचपर्यंत कळवतो' म्हणा. आणि पाचच्या आत फोन कराच, नवीन काही हाती नसलं तरी.