तुम्ही विचारलंत म्हणून: चांगलं कुठलं, इथलं की तिथलं?

सुट्टीत सांगलीला गेले की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. अर्ध्यांना ऐकायचं असतं, ‘जर्मनीत सगळं शुद्ध, भेसळ म्हणून नाही.’ उरलेल्यांना ऐकायचं असतं, ‘तिकडच्या भाजीला कसली आलीये चव!’ पंधरा वर्षं मी माणूस बघून उत्तर देत आले. दोन्ही उत्तरं खरी आहेत, वैताग त्याचाच येतो.

टोमॅटो म्हणाल तर स्टुटगार्टमध्ये जानेवारीतही लालभडक, सगळे एका मापाचे, आणि आमटीत घातले काय, न घातले काय. कोथिंबीर समजून पहिल्या महिन्यात पार्सलीची जुडी आणली होती. पोह्यांवर भुरभुरल्यावर कळलं. आता तुर्की दुकानातून आणते. तिथेच भेंडीही घेते, टोक मोडून बघून. कट्कन मोडलं तरच पिशवीत. दुकानदार आधी डोळे वटारायचा, आता दुसरीकडे बघतो.

लोण्याला मात्र नावं ठेवू देणार नाही. इथे विरजलेल्या सायीचं लोणी वेगळं मिळतं, ‘झाउअररामबुटर’. ते मंद आचेवर कढवलं की रवाळ तूप होतं आणि जिन्यापर्यंत वास जातो. अंड्यांवर तर एकेकावर शिक्का: सुरुवातीला ० असेल तर सेंद्रिय, ३ असेल तर पिंजऱ्यातल्या कोंबडीचं. हे वाचायची सवय लागते. मग जिथे शिक्का नाही तिथे संशय येतो. माझं तेच झालं.

शुद्ध म्हणता, तर ऐका. २०११ मध्ये, मला इथे येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा जर्मनीत ई-कोलाय जिवाणूची साथ आली. आधी आळ आला स्पेनच्या काकडीवर. शेवटी माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत: बी इजिप्तचं, मोड लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावरचे. पन्नासहून जास्त माणसं गेली. आई रोज फोन करायची, ‘काकडी, टोमॅटो, कच्चं काही खाऊ नकोस गं.’ एवढंच. ‘कसला तो तुझा देश’ असं एकदाही म्हणाली नाही.

मी म्हणाले. २०१४ मध्ये, तिच्याच स्वयंपाकघरात.

लेक दोन वर्षांची होती. मोबाइलवर दुधातल्या भेसळीचे व्हिडिओ फिरत होते. मी औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणलं. सकाळी आईने दूध तापवलं, त्यातलं मी वाटीत काढून निवू दिलं आणि तीन थेंब सोडले. पिष्ट असेल तर निळं होतं. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके पसरले, ढवळल्यावर फिकट पिवळं झालं. निळं नाही. गवळीमामा महिन्याचे पैसे घ्यायला दारात थांबले होते, तेही बघत होते. त्यांनी विचारलं, ‘काय निघालं, ताई?’

‘काही नाही,’ म्हणाले. तिथे थांबायचं होतं. पण वर, कोणी विचारलं नसताना, ‘तिकडे हे बघायची वेळच येत नाही.’

आईने वाटी मोरीत ओतली, घासली, आणि पुन्हा घासली. मग मला विचारलं, ‘हिच्या दुधात साखर किती घालू?’ तीन मुलं वाढवलेली बाई. त्या सुट्टीत ती प्रत्येक गोष्ट मला विचारून करत राहिली. दुसऱ्या दिवशी पातेल्याच्या झाकणावर डेअरीची पावती होती: फॅट ६.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) ९.१, म्हणजे चांगलं कसदार दूध. मामा न बोलता ठेवून गेले होते.

आता माझी बाजू. भेसळ काय मी मनाने रचली? भारतातल्याच २०११च्या सरकारी पाहणीत दुधाचे ६८ टक्के नमुने मानकाला उतरले नव्हते. त्यात पाणी घातलेलं बरंच होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण दोन वर्षांचं पोर कडेवर असताना कोण एवढं बारकाईने वाचतं? आणि तपासणं हा गुन्हा असेल, तर आई भेंडीचं टोक मोडते ते काय?

भाजीवालीसमोर मोडते, हेही खरं. पण मोडून झाल्यावर ती भाजीवालीला दुसऱ्या बाजाराचं कौतुक ऐकवत नाही.

परत तशी वेळ आली तर काय करीन? तपासीनच. फक्त आईसमोर नाही, असं मनात येतं. मग वाटतं, म्हणजे चोरून? ते तर याहून वाईट.

तेव्हा चांगलं कुठलं, ते पुढच्या सुट्टीत विचारा. आत्ता निघते, उद्या रविवार, इथली दुकानं बंद. भेंडी आजच आणायला हवी.