माझी सही चालली नाही

लेक २६ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. या मुलांचा थायरॉइड मंदावतो हे त्याच्या शाळेतल्या सगळ्या आयांना पाठ. तो उलटा वाढूही शकतो, हे माझ्या गावीही नव्हतं. त्यामुळे चार महिन्यांत सहा किलो उतरले तेव्हा मी चक्क खूश! ऐन जानेवारीत पंखा लावून झोपायला लागला, बशीतला चहा हिंदकळायला लागला, तेव्हा कुठे रक्त तपासलं. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) जवळजवळ शून्य, म्हणजे थायरॉइड सुसाट. ग्रेव्हज, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला चिथावते तो आजार. दीड वर्ष थायरॉइड आवरणारी कार्बिमाझोलची गोळी, बंद केल्यावर पुन्हा तेच. मग रेडिओआयोडीन ठरलं, म्हणजे ग्रंथी शांत करणारा किरणोत्सारी आयोडीनचा डोस.

तारीख मिळाली आणि संमतीचा फॉर्म काउंटरवरून परत आला. "पेशंट सज्ञान आहे. पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा."

"अहो, मी आई आहे त्याची!"

"आई असाल हो. कायदेशीर पालक आहात का?"

नव्हते. मूल १८ पूर्ण झालं की आईबापांचा हक्क आपोआप संपतो. मग १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमते. आठ वर्षांत हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. अर्ज दिला. एकदा फोटो कमी, एकदा मोठ्या लेकीचं ना-हरकत पत्र हवं, मग "बैठकच लागली नाही, पुढच्या महिन्यात या." पाच खेपा! तोवर गोळ्या परत सुरू, छातीतली धडधड कमी व्हायला प्रोप्रॅनोलॉल. आणि हो, कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. पांढऱ्या पेशी घसरू शकतात.

शेवटी कागद हातात आला. मी संमतीवर सही करतेय तर हा विचारतो, "माझी कुठे?" त्याला कुणी विचारलंच नव्हतं. नर्सने माझ्या सहीखालची जागा दाखवली. त्याने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं, शेवटी लांबलचक शिरोरेघ.

डोस म्हणजे एक कॅप्सूल, दोन मिनिटांचं काम. रिकाम्या कॅप्सूल आणून घरी आठवडाभर गिळायचा सराव केला होता, तो कामी आला. नंतर काही दिवस वेगळं झोपायचं, भाचीला जवळ घ्यायचं नाही. ती दाराशी आली की हाच ओरडायचा, "लांब! मी रेडिओ आहे!"

आता ग्रंथी थंडावली. रोज उपाशीपोटी थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचंच हार्मोन गोळीतून, कायमचं. तुमचं मूल सतरा वर्षांचं असेल तर पालकत्वाचे कागद आत्ताच गोळा करायला लागा.