कॅन्ससमधला अपक्ष उद्योजक आणि मतविभागणीचे गणित

ग्रेग ऑर्मन हे नाव महाराष्ट्रात कोणी ऐकले असण्याचे कारण नाही, आणि खुद्द अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातही ते आता क्वचितच निघते. तरीही अमेरिकेत दोनच पक्ष कसे काय टिकून राहतात, दोन्हींना कंटाळलेले इतके लोक असताना एखादा समंजस, मधल्या मार्गाचा माणूस निवडून का येत नाही, असे गावाकडून कोणी विचारले की मला २०१८ सालची कॅन्ससची गव्हर्नरपदाची निवडणूक आठवते. इथला गव्हर्नर दिल्लीहून नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात आणि त्याचे अधिकार आपल्या मुख्यमंत्र्यासारखे असतात, शिवाय विधिमंडळाने संमत केलेले विधेयक नाकारण्याचाही अधिकार त्याला असतो. त्या पदासाठी एका उद्योजकाने दोन्ही पक्षांच्या बाहेर राहून, आपण मध्यममार्गी आहोत एवढ्याच भांडवलावर, गंभीरपणे लढत दिली होती.

आम्ही राहतो तो जॉन्सन काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) भाग म्हणजे राज्यातला सर्वांत सधन आणि दाट वस्तीचा प्रदेश. ओव्हरलँड पार्क आणि ओलेथ ही इथली मोठी शहरे. त्या काळी स्प्रिंट आणि गार्मिन या कंपन्यांमुळे तेलुगू, तमिळ आणि मराठी अभियंत्यांची कुटुंबे इथे मोठ्या संख्येने स्थिरावली होती. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी याच ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या गार्मिनच्या अभियंत्याची वंशद्वेषातून गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर आमच्यासारख्या, मतदानाचा हक्क नसलेल्या माणसांनीही इथल्या राजकारणाकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला मत तर देता येत नाहीच, पण उमेदवाराला देणगी देणेही कायद्याने निषिद्ध आहे. पाहणे आणि बोलणे एवढेच आमच्या हाती होते.

कॅन्सस हे रिपब्लिकन राज्य म्हणून ओळखले जाते, पण ती ओळख अर्धवट आहे. इथले जुने लोक सांगतात की कॅन्ससमध्ये खरे तर तीन पक्ष आहेत : डेमोक्रॅट, कट्टर रिपब्लिकन आणि मवाळ रिपब्लिकन. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर इथल्या अबिलीनचे, बॉब डोल आणि नॅन्सी कॅसेबॉम हे सिनेटरही याच मातीतले. अनेक वर्षे मवाळ रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट आमदार मिळून शाळांचा निधी, रस्ते आणि करांचे दर ठरवीत असत. सॅम ब्राउनबॅक २०११ मध्ये गव्हर्नर झाल्यावर ही घडी मोडली. २०१२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात त्या फेरीत, कट्टर गटाने अनेक मवाळ आमदारांना घरी बसवले आणि त्याच वर्षी मोठी करकपात झाली, ज्यात लहानमोठ्या व्यवसायांच्या मालकांच्या व्यावसायिक उत्पन्नावरचा राज्याचा प्राप्तिकर पूर्णपणे काढून टाकण्यात आला. उद्योग वाढतील आणि तिजोरी आपोआप भरेल, असा दावा होता. प्रत्यक्षात तूट वाढत गेली, राज्याचे पतमानांकन घसरले आणि २०१५ च्या वसंतात काही शाळा-जिल्ह्यांनी पैशाअभावी शैक्षणिक वर्ष ठरल्याच्या आधीच आवरते घेतले.

त्या तुटीची झळ आम्हाला शाळेच्या आधी किराणा दुकानात बसली. तूट भरून काढण्यासाठी २०१५ मध्ये राज्याचा विक्रीकर साडेसहा टक्के करण्यात आला, आणि अनेक राज्यांत असते तशी अन्नधान्याला सूट इथे नव्हती. शहराचा आणि काउंटीचा कर त्यावर वेगळा. दूध, अंडी, कणीक, भाजी अशी शंभर डॉलरची खरेदी केली की बिलाच्या तळाशी कराचे नऊ डॉलर दिसत. स्टेट लाइन रोड नावाच्या रस्त्याच्या पलीकडे मिसुरी राज्य सुरू होते आणि तिथे अन्नधान्यावरचा राज्याचा कर सव्वा टक्क्याच्या आत होता, त्यामुळे आठवड्याचा बाजार पलीकडून आणणारी कितीतरी घरे होती. व्यवसायाच्या मालकाला प्राप्तिकर माफ आणि त्याच्याकडे काम करणाऱ्याच्या पिठावर कर, ही व्यवस्था पटवून घ्यायला अर्थशास्त्राचे वेगळेच शिक्षण लागत असावे. अखेर २०१७ मध्ये विधिमंडळाने, त्यातही रिपब्लिकन आमदारांच्या मोठ्या गटाने, ब्राउनबॅक यांचा नकाराधिकार ओलांडून ती करकपात बव्हंशी मागे घेतली. काही महिन्यांनी ब्राउनबॅक वॉशिंग्टनने दिलेल्या पदावर निघून गेले.

अशा वातावरणात ऑर्मन उभे राहिले. मूळचे मिनेसोटाचे, प्रिन्स्टनचे पदवीधर. सल्लागार कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी विजेची बचत करणाऱ्या प्रकाशव्यवस्थेचा व्यवसाय उभारला, तो पुढे कॅन्सस सिटीच्या वीज कंपनीला विकला आणि नंतर गुंतवणूकदार म्हणून नाव कमावले. २००८ मध्ये डेमोक्रॅट ओबामांना आणि २०१२ मध्ये रिपब्लिकन रॉम्नींना मत दिल्याचे ते उघडपणे सांगत. एकेकाळी डेमोक्रॅटिक पक्षाकडून सिनेटसाठी उभे राहण्याची त्यांची तयारी झाली होती, ती त्यांनी सोडून दिली. पुढे २०१४ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून उतरले आणि देशभर गाजले, कारण डेमोक्रॅट उमेदवार चॅड टेलर यांनी सप्टेंबरमध्ये माघार घेतली. मतपत्रिकेवरून टेलर यांचे नाव काढायचे की नाही हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि निकाल नाव काढण्याच्या बाजूने लागला. त्यानंतरच्या सरळ लढतीत ज्येष्ठ सिनेटर पॅट रॉबर्ट्स यांच्याकडून ऑर्मन हरले, पण साडेबेचाळीस टक्के मते घेऊन. अपक्षाने एवढी मते घ्यावीत, ही कॅन्सससाठी मोठीच गोष्ट होती.

माझ्या मते त्यांचा २०१८ चा हिशेब त्या साडेबेचाळीस टक्क्यांवरच उभा होता, आणि तिथेच तो चुकला. ती मते एकट्या मध्यममार्गाची नव्हती. एका मोठ्या पक्षाने आपली खुर्ची रिकामी केल्यामुळे त्यांतली बरीच मिळाली होती. त्याच २०१४ साली अलास्कात बिल वॉकर अपक्ष म्हणून गव्हर्नर झाले, ते डेमोक्रॅट उमेदवार बायरन मॅलट यांनी स्वतःची उमेदवारी सोडून त्यांच्यासोबत दुय्यम पदासाठी (लेफ्टनंट गव्हर्नर) उभे राहणे मान्य केले म्हणून. उलट मेनमध्ये २०१० मध्ये अशी खुर्ची कोणी रिकामी केली नाही. इलियट कटलर हे अपक्ष जवळजवळ छत्तीस टक्के मते घेऊन दुसरे आले आणि अडतीस टक्क्यांहूनही कमी मतांवर कट्टर उजवे पॉल लपाज गव्हर्नर झाले. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, हा नियम आपल्याकडेही आहे आणि त्याचे परिणाम मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मते खाणारा उमेदवार, कोणाची तरी ‘बी टीम’, बंडखोर, हे सगळे शब्द आपण प्रत्येक विधानसभेला वापरतो.

कॅन्ससमध्ये २०१८ ला डेमोक्रॅटिक पक्षाने खुर्ची रिकामी केली नाही. त्यांच्या उमेदवार लॉरा केली या राज्याच्या सिनेटमध्ये अनेक वर्षे काढलेल्या, शांत स्वभावाच्या आणि विधिमंडळात रिपब्लिकनांबरोबर काम केलेल्या बाई होत्या. समोर रिपब्लिकनांकडून क्रिस कोबॅक आले, तेही कसेबसे : ट्रम्प यांनी आदल्या दिवशी पाठिंबा जाहीर केलेला असूनही पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी विद्यमान गव्हर्नर जेफ कॉलियर यांना अवघ्या ३४३ मतांनी हरवले. कोबॅक हे स्थलांतरितांविरुद्धच्या कायद्यांचे देशातले एक प्रमुख शिल्पकार. अॅरिझोनाच्या २०१० च्या वादग्रस्त कायद्यामागेही त्यांचाच हात होता. त्या जूनमध्ये शॉनी गावच्या वार्षिक मिरवणुकीत ते अमेरिकेच्या ध्वजाच्या रंगांत रंगवलेल्या जीपमधून फिरले आणि जीपवर मशीनगनची प्रतिकृती बसवलेली होती. फुगे आणि खाऊच्या गोळ्या वेचायला आलेल्या लहान मुलांसमोर ते दृश्य आल्यावर गावच्या प्रशासनाने माफी मागितली. कोबॅक यांनी मात्र मागितली नाही. (त्या वर्षी कॅन्ससमध्ये गव्हर्नरपदाला वयाची अट नव्हती, त्यामुळे काही शाळकरी मुलांनीही उमेदवारी केली होती. त्यांची भाषणे कित्येक मोठ्यांपेक्षा संयत असत.)

अपक्षाला मतपत्रिकेवर येण्यासाठी पाच हजार मतदारांच्या सह्या लागतात. ऑर्मन यांनी त्याच्या दुपटीहून अधिक सह्या जमवल्या. त्यांवर आक्षेप घेतला गेला तो डेमोक्रॅटांच्या गोटातून, आणि तो फेटाळला गेला. या एका घटनेतून कोणाला कोणाची धास्ती होती ते स्पष्ट होते. मध्यममार्गी ऑर्मन यांची धास्ती कट्टर कोबॅक यांना नव्हती, ती मध्यममार्गी केली यांना होती. ऑर्मन यांनी दुय्यम पदासाठी गार्डन सिटीचे जॉन डॉल यांना घेतले, जे रिपब्लिकन पक्ष सोडून आलेले राज्य सिनेटर होते. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याचा विस्तार करावा, शाळांना पुरेसा निधी द्यावा, करांचे प्रयोग थांबवावेत, असे ते म्हणत. केलीही साधारण हेच म्हणत होत्या. मग ऑर्मन यांच्याकडे वेगळे काय उरत होते? दोन्ही पक्ष स्वतःच्या हितापलीकडे पाहत नाहीत, आणि हिशेब कळणारा, कोणाचाही मिंधा नसलेला उद्योजक कारभार नीट करील, एवढेच. पहिल्या विधानाशी माझी सहमती आहे. दुसऱ्याविषयी मला तेव्हाही शंका होती, कारण कंपनीत निर्णय मालक घेतो, पण राज्याच्या अर्थसंकल्पासाठी विधिमंडळातली मते लागतात, आणि ज्या गव्हर्नरामागे एकाही पक्षाचा गट नाही तो ती मते कुठून आणणार, याचे उत्तर त्यांच्या भाषणांत मला कधी सापडले नाही.

हचिन्सनला दर सप्टेंबरात राज्याची मोठी जत्रा भरते आणि निवडणुकीच्या वर्षी तिथे उमेदवारांचा जाहीर वादविवाद होतो. गहू, गुरे, ट्रॅक्टर आणि काडीला लावून तळलेले प्रोंटो पप यांच्या गर्दीत, उघड्या मांडवात, दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांच्या उमेदवाराला ओरडून गप्प करण्याचा प्रयत्न करतात आणि तो प्रकार परंपरा म्हणून चालवूनही घेतला जातो. ऑर्मन तिथे केली आणि कोबॅक यांच्या बरोबरीने बोलले. पण अशा ठिकाणी अपक्षाची अडचण लगेच लक्षात येते : त्याच्यासाठी ओरडणारे लोक तिथे फारसे नसतात. त्याचे मतदार स्वभावतःच ओरडणारे नसतात. नोंदणीकृत मतदारांपैकी तीसएक टक्के लोक कोणत्याच पक्षाचे नाहीत, ही आकडेवारी ऐकायला मोठी वाटते, पण पक्ष नसणे म्हणजे संघटनाही नसणे. घरोघरी जाणारे कार्यकर्ते नाहीत, गावोगावची कार्यालये नाहीत, मतदानाच्या दिवशी आठवण करून देणारे फोन नाहीत.

आमच्या गल्लीत एका निवृत्त शिक्षकांच्या हिरवळीवर ऑगस्टपासून ऑर्मन यांची पाटी लावलेली होती. आयुष्यभराचे रिपब्लिकन, ब्राउनबॅक यांच्या काळात शाळांचे जे झाले त्याने संतापलेले, पण डेमोक्रॅट उमेदवाराची पाटी स्वतःच्या अंगणात लावणे त्यांना जड जात होते. ऑक्टोबरच्या अखेरीस ती पाटी दिसेनाशी झाली. विचारल्यावर त्यांनी सांगितले की माणूस मला आजही तिघांत सर्वांत अधिक पटतो, पण माझ्या मताने कोबॅक निवडून आले तर मला झोप लागणार नाही. त्याच सुमारास ऑर्मन यांच्या प्रचाराचे कोषाध्यक्ष टिम ओवेन्स यांनी पद सोडून केली यांना पाठिंबा दिला. ओवेन्स हे २०१२ मध्ये कट्टर गटाकडून हरलेल्या मवाळ रिपब्लिकन आमदारांपैकी एक. माजी रिपब्लिकन गव्हर्नर बिल ग्रेव्ह्ज आणि कॅसेबॉम यांनीही केली यांचीच बाजू घेतली होती. ज्या तिसऱ्या, मवाळ पक्षाच्या भरवशावर ऑर्मन उभे होते, तो पक्ष हळूहळू, एकेक माणूस करत, दुसरीकडे निघून गेला होता. तिकडे अलास्कात बिल वॉकर यांनीही त्याच ऑक्टोबरमध्ये, मतविभागणी नको म्हणून, विद्यमान गव्हर्नर असताना शर्यत सोडली. ऑर्मन यांनी सोडली नाही.

निकाल असा लागला : केली ४८ टक्के, कोबॅक ४३ टक्के, ऑर्मन साडेसहा टक्के, म्हणजे सुमारे ६८ हजार मते. आपल्याकडे असते तर अनामत जप्त झाली असती. केली आणि कोबॅक यांच्यातले अंतर ऑर्मन यांच्या मतांहून कमी होते, म्हणजे उमेदवारीने निकाल फिरण्याची शक्यता अगदीच काल्पनिक नव्हती. त्याच दिवशी आमच्या मतदारसंघात अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य केव्हिन योडर हरले. ग्रीन कार्डसाठीची प्रत्येक देशाची सात टक्के मर्यादा काढण्याचे विधेयक पुढे नेणारे रिपब्लिकन म्हणून भारतीयांना ते जवळचे वाटत. त्यामुळे आमच्या दिवाळीच्या जेवणाला, जे दुसऱ्याच दिवशी होते, कोबॅक हरल्याचा आनंद आणि योडर गेल्याची हळहळ एकाच ताटात होती.

पुढची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. केली २०२२ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या जाहिरातीत त्या रस्त्याच्या अगदी मध्यभागी उभ्या राहून आपण फार उजव्याही नाही आणि फार डाव्याही नाही, असे सांगत होत्या. ऑर्मन यांची सगळी भूमिका एका पक्षाच्या अधिकृत उमेदवाराने अर्ध्या मिनिटात सांगून टाकली होती. त्या वर्षी अपक्ष उमेदवार होताच, पण यावेळी तो उजवीकडचा होता : डेनिस पाइल हे रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडलेले राज्य सिनेटर. त्यांना सुमारे दोन टक्के मते मिळाली आणि केली यांचा विजयही साधारण दोन टक्क्यांचाच होता, त्यामुळे मते खाल्ल्याचा आरोप करण्याची पाळी या खेपेला रिपब्लिकनांवर आली. किराणा मालावरचा राज्याचा कर दरम्यान टप्प्याटप्प्याने कमी होत १ जानेवारी २०२५ पासून शून्यावर आला, आणि त्यासाठी केली यांना रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाशीच वाटाघाटी कराव्या लागल्या. २०२६ मध्ये दोन सलग कार्यकाळांच्या मर्यादेमुळे त्यांना पुन्हा उभे राहता येत नाही. निवृत्त शिक्षक शेजाऱ्यांची हिरवळ सध्या मोकळी आहे. पुढच्या वेळी कोणाचीही पाटी लावण्यापूर्वी कोणत्या पक्षाने कोणाला उमेदवारी दिली ते आपण आधी पाहणार, असे त्यांनी मला सांगितले आहे.